विश्लेषण : हवेची गादी रात्रीत का बसते? आणि कोपीत झोपण्यासाठी कोणती खाट न्यावी?

दसरा सरला की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतल्या गावांत बांधाबांध सुरू होते. भांडी, ज्वारीचे पोते, पाण्याचे ड्रम, ताडपत्री, कोंबड्या, शेळी असे सगळे बिऱ्हाड ट्रॉलीत चढते. गाड्या कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगरकडे किंवा थेट बेळगाव-बागलकोटकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने घर म्हणजे कोपी आणि अंथरूण म्हणजे पाचटावर टाकलेली ताडपत्री, तिच्यावर एखादी वाकळ.

याच वाचकाच्या हातातल्या मोबाइलवर ‘कॅम्पिंग’च्या सामानात हवेच्या गाद्या दिसतात. घडी केली की पिशवीत मावते, वजनाला हलकी, पंपाने पाच मिनिटांत फुगते. मग कोपीत हीच का नेऊ नये, असा प्रश्न कोणालाही पडेल.

आमचे उत्तर सरळ आहे. घरी पाहुण्यांसाठी घ्यायची तर घ्या, कोपीसाठी घेऊ नका. त्याच पैशांत घडीची खाट आणि मच्छरदाणी घ्या. मऊ अंथरुणाची हौस हा इथला मुद्दा नाही. जमिनीवर झोपणे आणि जमिनीपासून हातभर वर झोपणे यांतला फरक जिवावर बेतणारा असू शकतो. पण ज्यांनी हवेची गादी आधीच घेतली आहे आणि जी रोज पहाटे बसलेली सापडते, त्यांचे आधी पाहू.

गादी खरेच गळते, की फक्त मऊ पडते?

पहाटे गादी ढिली झाली म्हणजे छिद्र पडलेच, असे नाही. या गाद्या बहुतेक पीव्हीसीच्या असतात. पहिल्या दोन-तीन वेळा भरल्यावर हे प्लास्टिक ताणले जाते, आतली जागा वाढते आणि गादी मऊ लागते. दुसरे कारण थंडी. हवा गार झाली की आकसते. संध्याकाळी ३० अंशांत भरलेली हवा पहाटे १२ अंशांवर आली, तर तिचे आकारमान सुमारे सहा टक्क्यांनी घटते. तेवढ्याने कंबर जमिनीला टेकू लागते. बालाघाटच्या डोंगरावर किंवा कृष्णाकाठच्या उसाच्या फडात पौषातली पहाट कशी असते, हे सांगायला नको.

उलटही होते. पहाटे गार हवेत टम्म भरलेली गादी दुपारी ताडपत्रीखाली तापली, तर आतली हवा फुगते. १५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली तर सुमारे दहा टक्के. गादीला वाढायला जागा नसली की हा ताण शिवणीवर येतो. बऱ्याच गाद्या झोपताना फुटत नाहीत, त्या दिवसा रिकाम्या पडलेल्या असताना फुटतात. म्हणून सकाळी उठल्यावर थोडी हवा सोडून ठेवावी.

गळती शोधायची कशी?

सुरुवात बुचापासून करा. बुचाच्या कडेला वाळूचा कण किंवा पाचटाचा तुकडा अडकला तरी रात्रभर हवा झिरपत राहते. बूच काढून ओल्या फडक्याने पुसा, घट्ट बसवा. त्यावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती तिथेच आहे.

बूच ठीक असेल तर गादी घट्ट भरून फडक्याने साबणाचे पाणी फिरवत जा. आधी खालची बाजू, मग कडा, शेवटी वरची बाजू. काटा बहुधा खालूनच लागतो. सराटा, बाभळीचे काटे, तोडलेल्या उसाचे टोकदार बुडखे यांना पातळ पीव्हीसी म्हणजे काहीच नाही. बुडबुडे दिसले की पेनाने गोल करून ठेवा. साबण वाळल्यावर ती जागा पुन्हा सापडत नाही.

आता दुरुस्ती. सायकलच्या ट्यूबचे पॅच आणि सोल्युशन रबरासाठी असते. पीव्हीसीवर ते दोन दिवस धरते आणि सुटते. झटपट चिकटणारा गोंद कडक होतो आणि गादी दुमडली की तडकतो. पीव्हीसीचाच तुकडा आणि पीव्हीसीला चालणारा लवचीक चिकट पदार्थ लागतो. बऱ्याच गाद्यांसोबत असा पॅच येतो, तो आपण खोक्यासोबत फेकून देतो. गादीची हवा पूर्ण काढा. वरच्या बाजूला मखमलीसारखी लव असेल तर तेवढ्या जागेची लव पॉलिश पेपरने घासून काढा, कारण लवेवर काहीच चिकटत नाही. स्पिरिटने पुसा. पॅचचे कोपरे गोल कापा, म्हणजे ते उचकटत नाहीत. पॅच छिद्राच्या चारही बाजूंनी दोन बोटे जास्त असू द्या. वर वजन ठेवा आणि एक दिवस हात लावू नका. घाई केली की पॅच निघतो.

शिवणीतून हवा जात असेल तर पॅच सहसा टिकत नाही. आतल्या पट्ट्या तुटून गादीला मधेच मोठे टेंगूळ आले असेल, तर तिला उपाय नाही. तिच्यावर पैसे घालू नका.

मग दुरुस्त केलेली गादी कोपीत का नको?

पहिले कारण, ती तिथे टिकणार नाही. शेजारी चूल असते. एक ठिणगी पडली की पीव्हीसीला भोक पडते, आणि पेट घेतला तर त्याचा धूर फार वाईट. कोपीत विजेचे बटण नसते. ऊस भरायला वाहन रात्री केव्हाही येते, हाक आली की उठावे लागते आणि पहाटे चारला पुन्हा फड. अशा माणसाने मध्यरात्री उठून पायपंप मारावा, ही अपेक्षाच चुकीची.

दुसरे कारण लहान मुलांचे आहे आणि त्यावर जाहिराती सहसा बोलत नाहीत. हवेच्या गादीवर तान्ह्या मुलाला कधीही झोपवू नये. मऊ गादीत मुलाचे तोंड रुतते किंवा गादी आणि भिंत यांच्यामध्ये ते अडकते. तान्ह्या मुलाला मान उचलून सुटता येत नाही, श्वास कोंडतो. गादी अर्धवट बसलेली असेल तर धोका आणखी वाढतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने याबद्दल स्पष्ट इशारा दिलेला आहे. कोपीत आई पहाटे फडात जाते आणि तान्हे मूल पाच-सात वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर झोपलेले असते. तिथे ही गादी नकोच.

तिसरे कारण सर्वांत मोठे. हवेची गादी जमिनीवरच असते. तिची उंची वीतभर. सापाला, विंचवाला, गोमेला तेवढी चढण म्हणजे काहीच नाही.

मण्यार आणि जमिनीवरची झोप यांचा काय संबंध?

नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. यांतला मण्यार वेगळा आहे. तो रात्री फिरतो, आणि त्याचे बरेचसे दंश जमिनीवर झोपलेल्या माणसांना होतात. अंगाखाली किंवा पांघरुणात आलेला साप कुशीवर वळताना दाबला जातो आणि चावतो. दात बारीक. अनेकदा सूज नाही, फार वेदना नाहीत, खूणही सापडत नाही. माणूस डास चावला असे समजून परत झोपतो. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलताना-गिळताना त्रास होतो. पुढे श्वासाचे स्नायू थांबतात.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. यातले बहुतेक मृत्यू गावांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले.

मण्यारचे दंश पावसाळ्यात जास्त होतात आणि कडाक्याच्या थंडीत साप फारसा हलत नाही, हे खरे. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत धोका कमी असतो. पण हंगाम सुरू होतो तेव्हा जमीन ओलसर असते आणि रात्री उबदार. संपतो तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. शिवाय ऊस तुटत जातो तसे उंदीर बाहेर पडतात, आणि जिथे उंदीर आहेत तिथे साप येणारच. कोपी त्याच रानाच्या कडेला असते.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय सिद्ध झालेला आहे. नेपाळच्या आग्नेय भागात केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून मोठे संरक्षण मिळते, असे दिसले. मच्छरदाणी डासांसाठी म्हणून घ्यायची, आणि ती नीट खोचली तर सापही आत येत नाही. पण जमिनीवरच्या अंथरुणाखाली मच्छरदाणी नीट खोचली जात नाही. कुशी बदलली की कड सुटते. तिला खाट लागते.

आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होते. ज्वारीच्या राखणीला जाणारा माणूस रानात खाली झोपत नसे. तो माळा बांधून वर झोपे. रात्रीची वीज मिळाल्यावर पाणी द्यायला जाणारे शेतकरी आजही बाज शेतात ठेवतात. कोयत्यावर जाताना ही बाज मागे राहते, कारण ट्रॉलीत जागा नसते.

खाट घेताना काय पाहावे?

उंची आधी पाहा. ‘कॅम्पिंग कॉट’ नावाने मिळणाऱ्या काही खाटा जेमतेम वीतभर उंच असतात. त्या डोंगरावर तंबूत बऱ्या, कोपीत उपयोगाच्या नाहीत. गुडघ्याच्या जवळपास, म्हणजे ३५ ते ४५ सेंटिमीटर उंची हवी. खाली हवा खेळते आणि झाडूही फिरतो. खाटेखाली भांडी, चपला, पोती कोंबू नका. तिथेच उंदीर आणि विंचू बसतात.

दुसरी कसोटी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोडली तर फडाजवळच्या गावात दुरुस्त होईल का? अॅल्युमिनियमची खाट हलकी, पिशवीत मावणारी आणि दिसायला देखणी. पण तिचे सांधे अनेकदा प्लास्टिकचे असतात. सांधा तुटला तर तसाच सांधा कुठे मिळत नाही आणि अॅल्युमिनियमला डाग देणारा कारागीर प्रत्येक गावात नसतो. लोखंडी पाइपाची, नवार विणलेली घडीची खाट जड असते, पण कोणताही वेल्डर तिचा पाय जोडून देतो आणि नवार सुटे मीटरवर मिळते. पाच महिने घरापासून दोन-तीनशे किलोमीटर दूर राहायचे असेल, तर जड खाट घ्या. ट्रॉलीत ती उभी घडी करून कडेला बांधता येते.

दुकानात खाट उघडून तिच्यावर झोपा. दुकानदार काय म्हणेल याची लाज धरू नका. झोपल्यावर कूस बदला, मग मधल्या घडीजवळ काठावर बसा. खाट बहुधा तिथेच मोडते. झोपल्यावर वजन पसरते, बसल्यावर एका जागी येते. बसल्यावर पाइप वाकला किंवा पाय बाहेर सरकले तर दुसरी दाखवायला सांगा. सांध्याचा रिव्हेट हलवून पाहा. कापडी खाट असेल तर पाइप ज्या खोळीतून जातो तिथली शिलाई दुहेरी आहे का, ते पाहा. ऑनलाइन मागवताना लिहिलेली वजनाची क्षमता आपल्या वजनाच्या निदान दीडपट असावी. एका माणसाच्या खाटेवर आई आणि दोन मुले झोपणार असतील, तर तिघांचे वजन धरा. हे विक्रेता सांगणार नाही.

पायांना रबरी टोप्या असल्या तरी काळ्या रानात त्या रुततात. प्रत्येक पायाखाली फरशीचा किंवा फळीचा तुकडा ठेवा. नाहीतर महिनाभरात एक कोपरा खाली जातो आणि सांधा पिळवटतो.

खाटेला एक दोष आहे. हिवाळ्यात तिच्या खालून गार वारा लागतो आणि वर दोन वाकळी घेतल्या तरी पाठ गारठते. पांघरूण वाढवून उपयोग नाही. एक वाकळ अंगाखाली घ्या. फोमची गुंडाळायची चटई मिळाली तर आणखी बरे. ती पंक्चर होत नाही, भिजली तरी पुसून वाळते.

मच्छरदाणीसाठी खाटेच्या चार पायांना चार काठ्या बांधा. कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा. वाकळीचे टोक जमिनीला लोंबत असेल तर सापाला शिडी मिळाली म्हणून समजा. झोपण्याआधी एकदा बॅटरीने अंथरूण झटकून पाहा. तान्ह्या मुलासाठी घट्ट बांधलेली झोळी आहेच. तिच्यावरही जाळी टाका.

तरीही दंश झालाच तर?

जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक पोटात कळ, घशात दुखणे आणि पापण्या मिटणे सुरू झाले, तर खूण दिसो वा न दिसो, मण्यार समजून दवाखाना गाठा. चिरा देऊ नका, रक्त चोखू नका, करकचून दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन लावा. चारही सापांच्या विषावर चालणारी लस सरकारी रुग्णालयात मोफत असते. मण्यारच्या रुग्णाला मात्र कृत्रिम श्वासाचे यंत्रही लागू शकते, म्हणून ते कुठे आहे हे आधीच ठाऊक हवे. बीडच्या माणसाला अंबाजोगाईचे सरकारी मेडिकल माहीत असते. तोडीच्या गावात गेल्यावर तिथले उपजिल्हा रुग्णालय कुठे, हे त्याला माहीत नसते. फडावर पोहोचल्याच्या पहिल्या दिवशी हे विचारून घ्या आणि टोळीतल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये नंबर भरून ठेवा.

खाटेचे पैसे कोणी द्यायचे?

आतापर्यंत आम्ही कामगाराला काय घ्यायचे ते सांगितले. पण उचल घेऊन निघालेल्या जोडप्याने खाटही त्याच उचलीतून घ्यावी, हे आम्हाला पटत नाही. ती रक्कम शेवटी उसातूनच फिटायची असते.

नवरा-बायको मिळून एक कोयता. या कोयत्याने तोडलेल्या उसावर कारखाना चालतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, मुकादमाच्या कमिशनचाही निर्णय झाला. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये द्यायचे आणि राज्य सरकारने तेवढीच भर घालायची, असे धोरण आहे. म्हणजे टनाला २० रुपये. समजा एका कोयत्याने हंगामात २०० टन ऊस तोडला. त्यांच्या घामातून महामंडळाच्या नावे ४ हजार रुपये जमा व्हायला हवेत. तालुक्याच्या बाजारात नवारीच्या साध्या खाटेचा आणि मच्छरदाणीचा भाव विचारून पाहा. या रकमेत काय बसते ते कळेल. आणि खाट एका हंगामात संपत नाही, चार-पाच हंगाम चालते.

दुसरा मार्ग आणखी सोपा आहे. खाटा कारखान्याच्या असू द्याव्यात. गावाहून वाहून आणण्याची गरज नाही. जिथे टोळ्या दरवर्षी उतरतात त्या तळावर कारखान्याने खाटा द्याव्यात, हंगाम संपला की परत घेऊन गोदामात ठेवाव्यात. ताडपत्री आणि बांबू देणाऱ्याला खाट देणे अवघड नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, करारात एक ओळ लागते.

ती ओळ कामगारांच्या संघटनांनी पुढच्या दरवाढीच्या बैठकीत मागावी. तोवर मुकादमाशी बोलणी करताना, उचलीवर अंगठा देण्याआधी, तळावर झोपायला काय मिळणार हे बाईने विचारावे. कोपीत सगळ्यात शेवटी झोपणारी आणि सगळ्यात आधी उठणारी तीच असते, आणि मुलाला कुशीत घेऊन जमिनीवर पडणारीही तीच.

गळकी हवेची गादी घरात पडून असेल तर ती टाकू नका. शिवणीवर कापून उघडली की तिचा दुहेरी पत्रा होतो. कोपीत चुलीपासून लांब, खाटेखाली अंथरला तर ओल वर येत नाही.